वरून येणारे दोन ठोके

सकाळी सात-सव्वासातच्या सुमारास आमच्या बेडरूमच्या छतावर दोन ठोके पडतात. ठक, ठक. मी कोपऱ्यात उभा ठेवलेला जाळी काढायचा लांब झाडू उचलते, त्याच्या दांड्याने खालून तसेच दोन ठोके देते आणि मग माझा दिवस सुरू होतो. मध्यंतरी माझी मावसबहीण मुक्कामाला होती, ती झोपेतून दचकून उठून बसली, म्हणाली वर भांडण चालू आहे का काय. म्हटलं नाही गं, वरच्या आजी उठल्या, एवढंच. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगत बसले आणि सांगता सांगता वाटलं की हे एकदा लिहून ठेवायला पाहिजे, कारण यातली एकेक गोष्ट कशी जमत गेली ते मीच विसरायला लागलेय.

आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा मुलगा जेमतेम दीड वर्षाचा होता. तो दुपारी झोपला की मी श्वाससुद्धा हळू घ्यायचे. आणि नेमकं तेव्हाच वरून खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. घर्र... मग थोडं थांबायचं, परत घर्र... दिवसातून किती वेळा ते विचारू नका. मी तीन महिने सहन केलं. रोज मनात वाक्यं तयार करायचे, काय बोलायचं, कसं बोलायचं, आवाज चढवायचा नाही पण ठाम राहायचं वगैरे. एक दिवस मुलगा तिसऱ्यांदा रडत उठला तशी मी त्याला कडेवर घेतलं आणि तडक वर गेले.

बेल वाजवल्यावर दार उघडायला बराच वेळ लागला. आतून तोच आवाज जवळ जवळ येत होता, घर्र, घर्र, आणि दार उघडलं तर समोर एक बारीकशा आजी, एका हातात दाराची कडी आणि दुसरा हात लाकडी खुर्चीच्या पाठीवर. त्यांच्या मागे फरशीवर दोन समांतर रेषा दिसत होत्या, बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून दारापर्यंत, खुर्चीच्या पायांनी घासून पडलेल्या. त्या खुर्ची धरून चालत होत्या. मी वर घेऊन गेलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. त्याच म्हणाल्या, "ये ना आत, तू खालची ना? बाळाचा आवाज येतो मला, बरं वाटतं." मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आवाज खालून वरही जातो. आणि त्यांना तो बरा वाटत होता.

आवाजाचं मी शेवटी सांगितलंच, पण जरा वेळाने, बसल्यावर. त्या इतक्या ओशाळल्या की मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं आपण खुर्चीच्या पायांना फेल्टचे मऊ तुकडे लावू, आवाज येणार नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अजिबात नको, फेल्ट लावलं की खुर्ची घसरेल आणि त्या तिच्यासकट पडतील. खरं होतं. मग आजींच्या मुलीला, त्या दुसऱ्या गावी असतात, फोन लावला आणि वॉकर घ्यायचं ठरलं. वॉकर आणून मोकळं झालं असं नसतं हेही तेव्हाच कळलं, त्याची उंची लावावी लागते. माणसाने नेहमीच्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ आली पाहिजे म्हणजे कोपर किंचित वाकलेलं राहतं. दुकानातून आला तेव्हा तो आजींना बराच उंच होत होता, तसाच वापरला असता तर खांदे उचलून उचलून चालल्या असत्या. आणि त्याच्या पायांना जी रबरी बुचं असतात ती झिजतात, ती बघत राहावी लागतात. ते काम नवऱ्याने आपणहून अंगावर घेतलं, दर महिन्याला वर जाऊन वॉकर उलटा करून बघतो.

तर घर्र बंद झालं. त्याच्या जागी अगदी हलकं ठप, ठप, तेही कान देऊन ऐकलं तरच. मुलगा झोपायला लागला. मला फार बरं वाटलं तेव्हा. पुढे याच शांततेची मला भीती वाटली, त्यावर येतेच.

पण एवढं होऊनही मी आजींना किंवा बिल्डिंगमध्ये कुणालाच स्वतःसाठी कधी काही मागत नव्हते. मदत करायला मी एका पायावर तयार, पण मागायची म्हटलं की जीभ जड. लहानपणापासून हेच डोक्यात, लोकांना त्रास द्यायचा नाही. मला वाटतं बऱ्याच जणींचं असंच असतं. आपण देतो तेव्हा आपण मोठे, मागितलं की लहान, असं काहीतरी आत बसलेलं असतं आणि त्यामुळे होतं काय की समोरच्यालाही आपल्याकडे मागायची चोरी होते. हे मला कळायला पाइप फुटावा लागला.

नवरा बाहेरगावी होता, रात्री दीडच्या सुमारास स्वयंपाकघरातून फस्स असा आवाज आला. सिंकखालची ती लवचिक कनेक्शन पाइप असते ना, ती फुटली होती आणि पाणी अक्षरशः कपाटाच्या दारावर आपटत होतं. खाली वाकून तिचं पाणी बंद करायचा अँगल कॉक फिरवायला गेले तर तो हलेना, वर्षानुवर्षं कुणी फिरवलेलाच नाही त्यामुळे जाम. मी काय केलं असेल तर टॉवेल गुंडाळले. चादरी टाकल्या. बादली लावली, ती भरली, दुसरी लावली. वीस मिनिटं मी एकटी हे करत होते, दाराला दार लागून चार घरं असताना. का, तर एवढ्या रात्री कुणाला उठवायचं.

मग बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या छतातून ठिबकायला लागलं होतं. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार, आणि ती बरोबरच होती. काकूंच्या एका हातात बादली, खांद्यावर जुनी साडी आणि मागे त्यांचा मोठा मुलगा. त्या नुसतं म्हणाल्या, "मेन व्हॉल्व्ह बंद केलास का?" मला मेन व्हॉल्व्ह कुठे आहे तेच माहीत नव्हतं! त्यांचा मुलगा पाइपांच्या डक्टमध्ये टॉर्च मारून बघत होता पण तिथे चार व्हॉल्व्ह, कुठला कुणाचा काही लिहिलेलं नाही. तेवढ्यात वरून आजी जिन्याच्या कठड्याशी येऊन उभ्या, त्यांना आवाजाने जाग आली होती. म्हणाल्या डावीकडून दुसरा, आमच्या ह्यांनी त्याला लाल चिंधी बांधली होती बघ. चिंधी कुजून गेली होती पण तारेचा तुकडा होता अजून. दुसरा फिरवला आणि पाणी थांबलं.

काकू फरशी पुसताना एवढंच म्हणाल्या, "अगं, आधी हाक मारली असतीस तर माझं छत वाचलं असतं." रागाने नाही. पण हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून राहिलं. मी त्रास द्यायचा नाही म्हणून गप्प बसले आणि त्यामुळेच त्यांना जास्त त्रास झाला. एक हाक मारली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

जाता जाता हे सांगते, आपल्या घराचा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते आज उठून बघा. घरातल्या प्रत्येकाला दाखवा, मुलांनासुद्धा. त्याला पक्क्या शाईने नाव घाला. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा बंद-चालू करा म्हणजे जाम होत नाही. सिंकखालचा, बेसिनखालचा, टाकीचा, सगळे. त्या लवचिक पाइपांना गंज दिसला किंवा कुठे फुगवटा आला की लगेच बदला, फुटायची वाट बघू नका. आम्ही नंतर बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी एका रविवारी हे केलं, चारही मजल्यांच्या डक्टमध्ये नावं घातली, आणि मला सांगायला आनंद होतो की समोरच्या घरातल्या दादाशी माझं पहिलं धड बोलणं त्या दिवशी झालं. तीन वर्षं आम्ही लिफ्टमध्ये नुसतं हसत होतो.

यावरून आठवलं. कॉलेजला मानसशास्त्रात एक अभ्यास शिकवला होता तो तेव्हा मार्कांपुरता पाठ केला होता, आता त्याचा अर्थ कळतो. लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कुणाची मैत्री कुणाशी होते ते बघितलं होतं, १९५० मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन मजली इमारती, लोकांना घरं आपली निवडता आली नव्हती, मिळेल ते घर. तर अगदी शेजारच्या दारातल्या माणसाला जवळचा मित्र म्हणणारे ४१ टक्के, एक दार सोडून पलीकडे २२ टक्के आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला फक्त १० टक्के. अंतर म्हणाल तर काही पावलांचं! आणि जिन्याच्या पायथ्याशी ज्यांचं घर होतं त्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही ओळख जास्त, कारण येता-जाता लोक त्यांच्या दारावरून जायचे. म्हणजे स्वभाव जुळणं वगैरे नंतरची गोष्ट, आधी येता-जाता दिसणं. आमचं घर जिन्याला लागून आहे. मी आधी त्याला नावं ठेवायचे, सतत पायांचे आवाज म्हणून. आता संध्याकाळी मी दार उघडंच ठेवते, नुसती जाळीचं दार लावून, आणि विश्वास ठेवा, निम्मी कामं त्या दारातच होतात. कुणाचं पार्सल, कुणाच्या शिडीची गरज, कुणाच्या मुलीला गणितातलं काही अडलंय.

तर त्या पाइपनंतर मी ठरवून मागायला लागले. लहान लहान. आजींना म्हटलं मी अर्ध्या तासात येते, बाळाला बघाल? त्यांचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. इतके दिवस मी त्यांच्यासाठी औषधं आणायचे, वीजबिल भरायचे आणि त्या दर वेळी किती गं करतेस म्हणून संकोचायच्या. मी मागितल्यावर तो संकोच गेला. त्यानंतर त्या बिनदिक्कत फोन करायला लागल्या, अगं जरा बल्ब गेलाय, अगं हे टीव्हीचं काय झालं बघ. आणि माझा मुलगा वाचायला त्यांच्याकडे शिकला, हे मी कुणालाही अभिमानाने सांगते. रोज संध्याकाळी त्यांच्या पायाशी बसून पेपरातली मोठ्या अक्षरांची हेडिंगं.

आणि किल्ली. एकदा आजी कचरा ठेवायला बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार लागलं, लॅच लॉक, किल्ली आत. दीड तास माझ्याकडे बसल्या किल्लीवाला येईपर्यंत. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक जादा किल्ली आणून माझ्या हातात दिली, मी ती आमच्या किल्ल्यांच्या खुंटीवर लावली, तिला निळी लोकर बांधली. आमची त्यांच्याकडे, हिरव्या लोकरीची. हे सगळं होऊन महिना झाला असेल नसेल.

मग तो दिवस आला.

सकाळी साडेसहाला मी मुलाला उठवत होते. बाथरूमच्या वरून बारीक आवाज येत होता, टक टक, टक. मध्येच थांबायचा. मला वाटलं पाइपात हवा असेल. मग वाटलं कुणीतरी काही दुरुस्त करतंय. मुलाचे दात घासून झाले, त्याचं दप्तर भरलं, आवाज चालूच, पण आता जास्त हळू आणि मध्ये जास्त वेळ गेलेला. आणि एकदम लख्ख डोक्यात आलं की इतक्या सकाळी वरच्या बाथरूममध्ये कोण काय दुरुस्त करेल. पूर्वीची ती खुर्ची असती तर तिचा आवाज आला नाही म्हणून मला आधीच खटकलं असतं. वॉकरचं ठप ठप तर खाली ऐकूच येत नाही नीट. वीस-पंचवीस मिनिटं मी तो आवाज ऐकत होते. हे मला अजून बोचतं.

निळ्या लोकरीची किल्ली घेतली, नवऱ्याला ओरडून सांगितलं आणि धावले. नशीब बघा, दाराची आतली कडी काढलेली होती कारण त्यांनी नुकताच पेपर आत घेतला होता. कडी असती तर किल्ली असून उपयोग शून्य. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं, पण आत उघडणारं, आणि आजींचा पाय दाराला अडकलेला. ढकललं तर त्यांना लागणार. फटीतून मला फक्त त्यांचा हात दिसत होता, प्लास्टिकचा मग धरलेला, त्याच मगाने त्या फरशीवर ठोकत होत्या. नळ चालू होता. मी म्हटलं, "आजी, मी आलेय, घाबरू नका, पाय थोडा आत घेता येतो का?" त्या म्हणाल्या, "नळ बंद कर गं आधी, पाणी वाया जातंय."

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही.

त्यांनी हळूहळू पाय सरकवला आणि मी तिरकी होऊन आत घुसले. नळ बंद केला. त्यांचे कपडे भिजलेले, अंग गार पडलेलं, ओठ थरथरत होते. तोपर्यंत बाहेर नवरा आणि समोरचा दादा येऊन उभे राहिले होते आणि आजींनी माझं मनगट घट्ट धरलं, काही बोलल्या नाहीत पण मला कळलं. म्हटलं थांबा रे बाहेरच, आणि आधी मोठा टॉवेल त्यांच्या अंगावर नीट घातला, मग काकूंनी धावत आणलेलं ब्लँकेट, सगळं झाकल्यावरच दादाला आत घेतलं. मदतीत घाई असते हे मान्य, पण तेवढा अर्धा मिनिट द्यावाच. त्या माणसाला पुढची कित्येक वर्षं आपल्यासमोर राहायचं असतं.

नवरा त्यांना काखेत धरून उचलायला निघाला होता, दादाने थांबवलं, त्याने ऑफिसमध्ये प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलंय. पडलेल्या माणसाला लगेच ओढून उभं करायचं नाही. आधी विचारायचं कुठे दुखतंय, डोकं आपटलं का, हातपाय हलतायत का. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, मग अजिबात हलवायचं नाही, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ऊब द्यायची आणि बोलत राहायचं. खायला-प्यायला द्यायचं नाही, कारण ऑपरेशनची वेळ आली तर अडचण होते. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल तर माणूस कितीही ठीक वाटला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. आजींच्या गोळ्यांची यादी फ्रीजच्या दारावर चिकटवलेली होती, त्यांच्या मुलीने मोठ्या अक्षरात लिहिलेली, दादाने तिचा फोटो काढून घेतला. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न तोच विचारला.

खुबा वाचला होता. पडताना त्यांनी हात टेकवला होता त्यामुळे उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे प्लास्टर. आणि म्हणाले बरं झालं लवकर सापडल्या, कारण पडून तासाच्या वर तसंच पडून राहिलं की नुसतं मोडलेलं हाड राहत नाही, एकाच अंगावर दाब येऊन स्नायू खराब होतात, त्वचेला जखमा होतात, अंग गार पडतं, पाणी कमी पडतं शरीरात. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की पासष्टच्या पुढची २८ ते ३५ टक्के माणसं दरवर्षी एकदा तरी पडतात. म्हणजे दर तिघांत जवळजवळ एक. पडणं थांबवायचे उपाय करायचेच, पण पडल्यावर कुणाला किती वेळात कळतं हे तेवढंच महत्त्वाचं आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली होती, ७०० हून जास्त माणसं गेली, आणि नंतरच्या तपासात दिसलं की एकटी राहणारी, कुणाशी रोजचा संबंध नसलेली म्हातारी माणसं त्यात फार होती. दार वाजवणारं कुणी नव्हतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो प्लास्टिकचा मग आठवला.

आता खरी कसोटी पुढे होती. वॉकरला दोन्ही हात लागतात आणि आजींचा एक हात प्लास्टरमध्ये, म्हणजे त्या चालणार कशा? मुलगी धावत आली, दोन आठवडे राहिली, पण तिची नोकरी, तिकडे तिच्या सासूबाई आजारी. ती रडायला लागली की आईला घेऊन जाते, आणि आजी म्हणत होत्या मी माझं घर सोडणार नाही. तेव्हा काकू म्हणाल्या, बसा सगळे, कागद घ्या.

त्या कागदाचा फोटो माझ्याकडे अजून आहे. सकाळी सात ते साडेआठ मी, आंघोळ आणि कपडे. त्यानंतर दुपारपर्यंत पैसे देऊन ठेवलेल्या ताई. दुपारचं जेवण आणि औषधं काकू. संध्याकाळी दादाची बायको, चालवून आणायला. रात्री झोपायला काकूंचा मुलगा हॉलमध्ये. ताईंचे पैसे मुलगी देणार, कुणी आग्रह करायचा नाही, हेही लिहिलं होतं, आणि मला ते फार आवडलं कारण पैशाचं आधी स्पष्ट झालं नाही तर चांगल्या चांगल्या शेजाऱ्यांत कडवटपणा येतो. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात काकूंनी सरळ सांगितलं, "मला गुरुवारी जमणार नाही, मी थकलेय." मला बरं वाटलं ऐकून. थकूनही करत राहिल्या असत्या तर पुढे मनात धरलं असतं. गुरुवार चौथ्या मजल्यावरच्या एका मुलीने घेतला जिचं नाव तोपर्यंत आम्हाला माहीतही नव्हतं, तिने स्वतःहून विचारलं, मला काही काम द्या ना.

मी त्या सहा आठवड्यांत खूप शिकले. कपडे घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी घालायची आणि काढताना तीच शेवटी काढायची, किती साधं आहे, पण पहिले दोन दिवस मी उलटं करून त्यांना उगाच दुखवत होते. फिजिओथेरपिस्टनी पडल्यावर आपलं आपण कसं उठायचं तेही शिकवलं, प्लास्टर निघाल्यावर आम्ही सगळ्यांनी हॉलमध्ये करून बघितलं. काही मोडलेलं नसेल तरच हं. आधी पडून राहून श्वास घ्यायचा, मग कुशीवर वळायचं, हात टेकून गुडघ्यांवर यायचं, रांगत एखाद्या भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवायचे, जो पाय जास्त दमदार आहे तो पुढे टेकवायचा, जोर देऊन उठायचं आणि वळून बसायचं. माझा मुलगा सगळ्यात छान रांगला आणि आजी त्याच्या मागून. मदतनीसाने उचलायचं नाही, फक्त खुर्ची आणून द्यायची आणि पुढची पायरी सांगायची. आजींना हे जमलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, आता भीती कमी झाली.

आणखी काय काय बदललं ते सांगते. बाथरूमला कडी लावायची नाही, दार आता बाहेर उघडतं, सुताराने बिजागऱ्या फिरवून दिल्या. भिंतीत पकडायला दांडा बसवला, स्क्रू पक्के भिंतीत, चिकटवायचा नाही, टॉवेल अडकवायचा दांडा तर मुळीच नाही, त्यावर माणसाचं वजन पेलत नाही. बेडपासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा. पायपुसणी काढून टाकली. मुख्य दाराला रात्री कडी नाही, फक्त लॅच, किल्ली माझ्याकडे आणि दुसरी काकूंकडे.

ठोक्यांची कल्पना आजींची. मी म्हणत होते गळ्यात अडकवायचं, मदतीला बोलवायचं बटण घेऊ, मोबाइल खिशात ठेवा, त्या म्हणाल्या मोबाइल मी कुठेतरी ठेवते आणि बटणाचं चार्जिंग कोण लक्षात ठेवणार. मुलीने शेवटी बटण घेतलंच, ते आहे, गळ्यात असतं. पण आजी म्हणाल्या, "रोज सकाळी तुला कळलं पाहिजे मी उठले, आणि मला कळलं पाहिजे की तुला कळलं." दुसरं वाक्य महत्त्वाचं होतं. त्यासाठी त्यांनी आजोबांची जुनी काठी कपाटातून काढली, खाली रबर नसलेली, ती त्यांच्या उशाशी उभी असते. दोन ठोके म्हणजे उठले, बरी आहे. तीन म्हणजे सवडीने वर ये, काम आहे. सलग ठोकलं म्हणजे धावत ये. साडेसातपर्यंत काहीच आलं नाही तर मी फोन करते, फोन उचलला नाही तर किल्ली. बाहेरगावी जायचं असेल तर आदल्या दिवशी काकूंना सांगून जाते, मग काकू वर जाऊन दार वाजवतात.

सलग ठोके आजवर एकदाच आले, घरात साप शिरला होता म्हणून. नाही, म्हणजे साप वाटला होता, ती चार्जरची वायर निघाली, पण मी अनवाणी वर पोचले होते आणि दादा माझ्याही आधी. आम्ही तिघं जिन्यात बसून कितीतरी वेळ हसलो.

कधीकधी मला ताप असतो, झोप झालेली नसते, आणि सात वाजता ते दोन ठोके येतात आणि मला उठून झाडू हातात घ्यायचा कंटाळा येतो, खरं सांगते. एकदा नाही दिलं उत्तर. पाच मिनिटांत फोन, "अगं तू बरी आहेस ना?" आणि दहा मिनिटांत काकू दारात. त्यांना आजींनी पाठवलं होतं. मी तोपर्यंत समजत होते की हे ठोके आजींसाठी आहेत.

गेले पंधरा दिवस आजी मुलीकडे होत्या. सकाळी सातला मुलगा छताकडे बघत राहायचा, एक दिवस त्याने स्वतःच झाडू घेऊन दोन ठोके दिले आणि थांबून वाट बघितली. काल रात्री उशिरा त्या परत आल्या, लिफ्टचा आवाज आला, नंतर ठप ठप, मी अंथरुणात पडल्या पडल्या कान देऊन ऐकत होते. आज सकाळी दोन ठोके आले आणि मुलाने माझ्या हातातून झाडू ओढून घेतला.

हे लिहिता लिहिता आता तीन आलेत. मघाशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणत होत्या वॉकरच्या मागच्या पायाचं रबर झिजलंय, प्रवासात जास्तच घासलं. नवीन बुचं ड्रॉवरमध्ये आणून ठेवलेली आहेत, घेऊन जाते वर.